वाद घालायला लावणारा कोर्स : आरोग्य कार्यक्रमाचं नियोजन, ऑनलाइन आणि टीमने

आरोग्य खात्यातल्या माणसासमोर ऑनलाइन प्रशिक्षणाचं नाव काढलं की काय चित्र उभं राहतं ते मला माहीत आहे. कॅमेरा बंद, माईक बंद, समोर स्लाइड सरकतायत आणि इकडे ओपीडीचं रजिस्टर भरणं चालू. शेवटी हजेरीची लिंक येते, ती भरली की सुटलो. हा कोर्स तसा नाही, म्हणून त्यावर वेळ काढून लिहिते आहे.

कोर्स आठ आठवड्यांचा आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ, सात ते नऊ. फी साडेचार हजार. विषय आरोग्य कार्यक्रमाचं नियोजन : गावाची गरज कशी शोधायची, दहा प्रश्नांतला कोणता आधी हाती घ्यायचा, उद्दिष्ट कसं लिहायचं, माणसं आणि पैसा कसा बसवायचा, आणि काम झालं की नाही हे कशावरून ठरवायचं. संस्थेचं नाव लिहीत नाही. याच पद्धतीने शिकवणारे कोर्स आता इतरही आहेत, आणि मला बोलायचं आहे ते पद्धतीबद्दल. आपल्याकडच्या, म्हणजे खान्देशातल्या आरोग्य कर्मचाऱ्याने असा कोर्स घ्यावा का, एवढा प्रश्न समोर ठेवून लिहिते.

मी नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) आहे. डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष. कागदावर तीन हजार हा आकडा लहान वाटतो. ती माणसं किती पाड्यांवर पसरलीत हे चालल्यावर कळतं. दरवर्षी आराखडा मागवला जातो आणि बऱ्याच ठिकाणी तो मागच्या वर्षीच्या तक्त्यात आकडे वाढवून तयार होतो. तक्ता भरला जातो, पण त्यात कोणी काही निवडलेलं नसतं. निवड करायला शिकवणारं प्रशिक्षण मला हवं होतं, आणि ते इथे मिळालं. कोर्सबद्दलची माझी सगळ्यात मोठी पावती हीच.

आधी पद्धत सांगते. टीम बेस्ड लर्निंग ही अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठात लॅरी मायकेलसन या प्राध्यापकांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेली रीत. ते मॅनेजमेंट शिकवायचे. त्यांचा वर्ग ४० वरून १२० विद्यार्थ्यांचा झाला. एवढ्या गर्दीला भाषण देऊन काही पोचणार नाही, म्हणून त्यांनी वर्गाच्या कायमच्या टीम पाडल्या आणि तासाचा बहुतेक वेळ टीमच्या कामाला दिला. पुढे ही रीत वैद्यकीय आणि नर्सिंग कॉलेजांत पसरली. पाच ते सात जणांची टीम असते, ती शिक्षक पाडतात, आणि शेवटपर्यंत बदलत नाही. मैत्रिणी-मैत्रिणींनी एकत्र येऊन टीम करायची सोय नसते, आणि ते बरं आहे.

प्रत्येक आठवड्याचा क्रम ठरलेला. वाचायचं साहित्य चार-पाच दिवस आधी येतं. सत्र सुरू होताच दहा प्रश्नांची चाचणी, एकट्याने सोडवायची. मग लगेच तेच दहा प्रश्न टीमने मिळून. समोरासमोरच्या वर्गात यासाठी खास कार्ड असतं, मोबाईल रिचार्जच्या कुपनासारखं खरडायचं. खाली खूण निघाली तर बरोबर, नाही तर पुन्हा चर्चा करून दुसरा पर्याय खरडायचा. ऑनलाइन वर्गात तेच काम फॉर्म करतो. पहिल्या फटक्यात बरोबर आलं तर चार गुण, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एक. उत्तर तिथल्या तिथे कळत असल्यामुळे टीममध्ये कोण ठामपणे बोलतं आणि कोण बरोबर बोलतं, या दोन गोष्टी दोनच आठवड्यांत वेगळ्या दिसायला लागतात.

आमच्या टीममध्ये सहा जण होतो. चोपडा तालुक्यातल्या एक सिस्टर, नोकरीची बरीच वर्षं पाठीशी असलेल्या. रावेरकडचे लॅब टेक्निशियन भाऊ. साक्रीचे मेडिकल ऑफिसर, त्यांना आम्ही सर म्हणायचो. अक्कलकुव्यात एका संस्थेत काम करणारा दादा. धुळ्याची, नुकतीच एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) झालेली एक मुलगी. आणि मी. पहिल्याच टीम चाचणीत प्रश्न होता की खालीलपैकी परिणामाचं उद्दिष्ट कोणतं. सरांनी सांगितलं, ‘सहा महिन्यांत तालुक्यातल्या सर्व आशांचं प्रशिक्षण पूर्ण करणे.’ मुदत आहे, मोजता येतं, मग तेच. आम्ही मान डोलावणार तेवढ्यात धुळ्याची मुलगी म्हणाली, ‘सर, पण यात पेशंट कुठाय? प्रशिक्षण झालं म्हणजे आपलं काम झालं. बाईने लोहाची गोळी खाल्ली का, ते यात कुठे येतं?’ सरांनी पर्याय पुन्हा वाचले आणि म्हणाले, ‘बरोबर आहे, बदला.’ फॉर्मवर हिरवी खूण आली. एवढ्याशा प्रसंगाने टीमचा सूर लागला. वर्गात उभं राहून कोणी व्याख्या सांगितली असती तर ती त्या संध्याकाळपुरतीही टिकली नसती.

अपिलाची सोय ही मला या रीतीतली फार न्याय्य गोष्ट वाटते. एखादा प्रश्न चुकीचा किंवा संदिग्ध वाटला तर टीमने लेखी हरकत घ्यायची, साहित्यातला आधार देऊन. कुपोषणावरच्या चाचणीत अतितीव्र कुपोषणाची खूण विचारली होती. उत्तर दिलं होतं दंडघेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी. पण उंचीच्या मानाने वजन उणे तीन एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) खाली हाही पर्याय तिथेच होता, आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात दोन्ही बसतात. दोन्ही पायांवर सूज असली तरी बसतं. सिस्टरांनी हरकत लिहायला लावली. कोर्स घेणाऱ्या मॅडमनी ती मान्य केली आणि हरकत घेणाऱ्या टीमला गुण दिले. वरून आलेल्या कागदावर आधार दाखवून बोलता येतं आणि ऐकूनही घेतलं जातं, हा अनुभव आमच्यातल्या काहींना नवा होता.

आता या कोर्समधला सगळ्यात जोरदार भाग. तिसऱ्या आठवड्यात हॅनलॉन पद्धत होती, प्राधान्य ठरवण्याची. सूत्र सोपं आहे : समस्येचा आकार, अधिक गंभीरतेची दुप्पट, आणि त्या बेरजेला गुणायचं उपायाच्या परिणामकारकतेने. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. गंभीरता दुप्पट धरली जाते हे लगेच लक्षात येतं. खरा जोर मात्र शेवटच्या गुणाकारात आहे. हातात चालणारा उपाय नसेल तर कितीही मोठी समस्या यादीत खाली घसरते.

आम्हाला एक काल्पनिक डोंगराळ तालुका दिला होता आणि चार समस्या. त्यातल्या दोनांवर आमचं अडलं : गरोदर मातांमधला रक्तक्षय आणि सर्पदंश. रक्तक्षयाला आम्ही आकाराचे नऊ, गंभीरतेचे पाच, उपायाचे पाच दिले. गोळ्या आहेत, १८० दिवस द्यायच्या आहेत, पण खाल्ल्या किती जातात ते सगळ्यांना ठाऊक. नऊ अधिक दहा, एकोणीस. गुणिले पाच, ९५. सर्पदंशाला आकाराचे तीन, गंभीरतेचे नऊ. इथवर भांडण नव्हतं. उपायाला सरांनी नऊ दिले. म्हणाले, प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालतं, वेळेत दिलं तर माणूस वाचतो, यात शंका कसली? तीन अधिक अठरा, एकवीस. गुणिले नऊ, १८९. सर्पदंश पहिला.

सिस्टर तोवर गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘सर, इंजेक्शन पीएचसीमा शे, नि माणूस पाडावर शे.’ म्हणजे इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे आणि माणूस पाड्यावर. आणि सांगत गेल्या. रात्री केळीच्या बागेत पाणी धरायला गेलेला माणूस. दंश झाला की आधी भगताकडे. तिथे दोन तास. मग गाडीची शोधाशोध. रस्ता फुटेपर्यंत झोळीत. पीएचसीला पोचेपर्यंत श्वास लागलेला, आणि तिथून पुढे रेफर. ‘चार द्या,’ म्हणाल्या. एकवीस गुणिले चार, ८४. सर्पदंश रक्तक्षयाच्या खाली गेला.

सर ऐकेनात. औषधाचा गुण कमी कसा करायचा, असा त्यांचा मुद्दा. अक्कलकुव्याच्या दादाने तो फोडला : आपण औषधाला गुण देत नाही आहोत, कार्यक्रमाला देतो आहोत. दवाखान्यात काय घडतं ते एक आणि तालुक्यात काय घडतं ते दुसरं. मग सरच म्हणाले, समजा भगतांनाच सोबत घेतलं, प्रत्येक पाड्यावर मोटारसायकलवाले दोघे तयार ठेवले, १०८ ची गाडी कुठवर येते ते आधी ठरवून तिथवर आणायची जबाबदारी दिली, तर? मग सहा, असं सिस्टर म्हणाल्या. एकवीस गुणिले सहा, १२६. सर्पदंश पुन्हा वर आला, पण आता त्याच्या आराखड्यातली पहिली ओळ औषधाच्या कुप्या राहिली नव्हती. ती होती पाड्यावरून पीएचसीपर्यंतचा रस्ता आणि त्या रस्त्यावरची माणसं. देशात २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. त्याची अंमलबजावणी आपल्या पाड्यावर कुठून सुरू व्हावी, हे त्या वीस मिनिटांच्या वादातून मला जितकं स्पष्ट झालं तितकं परिपत्रकं वाचून झालं नव्हतं.

या वादाला जागा मिळते ती प्रश्नाच्या घडणीमुळे. सगळ्या टीमला एकच प्रश्न, खरा वाटावा असा, एकच पर्याय निवडायचा, आणि सगळ्यांनी उत्तर एकाच वेळी जाहीर करायचं. मॅडम तीनपर्यंत मोजतात आणि प्रत्येक टीम चॅटमध्ये एक अक्षर टाकते. दुसऱ्याचं बघून आपलं बदलायला वाव नाही. ‘सगळंच महत्त्वाचं आहे’ हे उत्तर तर चालतच नाही. नंतर प्रत्येक टीमला आपल्या अक्षराची बाजू मांडावी लागते.

सिकलसेलचा, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा आठवडा आम्हाला जवळचा होता. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं. शून्य ते चाळीस वयोगटातल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं लक्ष्य. प्रश्न होता : एका आदिवासी तालुक्यात तपासणीनंतरचं समुपदेशन मागे पडलंय, हाती एकाच उपायाचा पैसा आहे, कोणता निवडाल? पर्यायांत जनजागृती होती, जादा किट होते, नवे समुपदेशक होते आणि तपासणीचं वेळापत्रक बदलणं होतं. त्या आठवड्याचं वाचन लॉरेन्स ग्रीन यांच्या प्रिसीड-प्रोसीड आराखड्यावर होतं. त्यात वर्तनामागची कारणं तीन गटांत बघायला शिकवतात : माणसाची समजूत आणि कल, त्याला कृती शक्य करून देणाऱ्या सोयी, आणि कृती टिकवून धरणारी आजूबाजूची माणसं. आपण बहुतेक वेळा पहिल्या गटातच अडकतो. ‘लोकांत जागृती नाही’ असं लिहिलं की आराखडा पूर्ण.

रावेरच्या भाऊंनी लॅबच्या बाजूने उलगडा केला. सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. माणूस वाहक आहे की आजारी, ते कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची चाचणी लागते, आणि तो नमुना पुढे पाठवावा लागतो. रिपोर्ट येईपर्यंत कुटुंब कुठे असतं? मी सांगितलं, दिवाळी झाली की आमच्याकडची कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. होळीला परत येतात, कारण सातपुड्यात होळीला घरी नसणं हे कोणाला पटतच नाही. शिबिर डिसेंबर-जानेवारीत ठेवलं तर पाड्यावर म्हातारी माणसं आणि शेळ्या भेटतात. आणि होळीनंतर लग्नं सुरू होतात. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, ही गोष्ट सांगायची वेळ लग्न ठरण्याआधीची असते.

सरांची अडचणही खरी होती. निधी खर्च दाखवायचा मार्चअखेर, मग काम होळीनंतर ढकलायचं कसं? शेवटी तोडगा निघाला तो असा : दिवाळीआधी, माणसं गावात असताना रक्त घ्यायचं, किटचा खर्च तिथे संपतो. कुटुंब बाहेर असताना नमुन्यांचे रिपोर्ट तयार होतात. भोंगऱ्या बाजार (होळीआधी भरणारा आदिवासींचा बाजार) आणि होळीच्या दिवसांत रिपोर्टचं कार्ड हातात द्यायचं आणि समुपदेशन करायचं. आम्ही वेळापत्रकाचं अक्षर टाकलं. जनजागृती निवडलेल्या टीमने आमच्याशी चांगलाच वाद घातला, आणि त्यांचा एक मुद्दा आम्ही घेतलाही : कार्ड देणारी बाई त्याच पाड्याची, त्याच बोलीत बोलणारी हवी.

लॉजिक मॉडेल (साधनांपासून परिणामापर्यंतची साखळी मांडणारा तक्ता), वेळेचा तक्ता, अंदाजपत्रक हे आठवडे ठीक होते. ते पुस्तकातूनही शिकता येतात.

आता जिथे कोर्स कमी पडतो ते. वाचायचं साहित्य जवळजवळ सगळं इंग्रजीत आहे. चर्चा मराठीत, चाचणी इंग्रजीत. सिस्टरांना विषय आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतो, पण एकट्याच्या चाचणीत त्यांचे गुण कमी यायचे आणि टीममध्ये आलं की त्याच प्रश्नाचं उत्तर त्याच सांगायच्या. ही भाषेची परीक्षा झाली. धुळ्याच्या मुलीने दर आठवड्याला साहित्याचा सारांश मराठीत आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायला सुरुवात केली, ते संस्थेने करायला हवं होतं. फी घेऊन शिकवणाऱ्यांनी एवढी मेहनत घ्यावी, अशी माझी स्पष्ट अपेक्षा आहे.

नेटवर्कचा प्रश्न डोंगरात राहणारच. संस्थेने एक सोय चांगली ठेवली होती, छोट्या गटाच्या खोलीतून कोणी बाहेर फेकलं गेलं तर टीमच्या व्हॉट्सॲप कॉलवर जोडून घ्यायचं आणि टीमच्या वतीने फॉर्म एकानेच भरायचा. पण एकट्याची चाचणी ठरलेल्या दहा मिनिटांतच द्यावी लागते. तेवढ्यात रेंज गेली तर शून्य. अक्कलकुव्याच्या दादाचे असे गुण गेले आणि तक्रारीचं उत्तर कोर्स संपेपर्यंत आलं नाही. ही चाचणी त्या दिवसभरात केव्हाही देता यावी आणि टीमची तेवढी ठरल्या वेळी व्हावी, हे करणं अवघड नाही.

आणि सगळ्यात नाजूक गोष्ट, सहकाऱ्यांनी एकमेकांना गुण देणं. या रीतीत ते असतंच, कारण टीममध्ये कोणी नुसतं बसून राहू नये. आमच्याकडे ते नीट झालं, कारण आमच्यात कोणी कोणाच्या हाताखाली नव्हतं. सर साक्रीचे, सिस्टर चोपड्याच्या, दोघांचा तालुका वेगळा, जिल्हाही वेगळा. दुसऱ्या एका टीममध्ये मात्र मेडिकल ऑफिसर आणि त्यांच्याच पीएचसीच्या सिस्टर एकत्र टाकल्या होत्या. त्या टीमचं उत्तर दरवेळी एकच आवाज द्यायचा. गुण देताना त्या सिस्टरांनी काय दिले असतील ते मी सांगायला नको. आपल्या खात्यात पदाची उतरंड किती खोल असते याचा विचार न करता टीम पाडली तर ही सगळी पद्धतच आंधळी होते. टीम वेगवेगळ्या पदांची हवीच, पण एकाच केंद्रातली नको.

माझं मत विचाराल तर कोर्स घ्या, खास करून सीएचओ, आरोग्य सहाय्यक आणि आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांनी. फक्त नाव नोंदवण्याआधी फोन करून विचारा की टीम कशा पाडतात, चाचणी मराठीत आहे का आणि रेंज गेली तर काय. प्रत्येक आठवड्याला वाचायला तीन-चार तास लागतात, ते न वाचता गेलात तर टीमला जड होता आणि स्वतःलाही काही मिळत नाही. बॅच जुलै-ऑगस्टची धरा. त्या दिवसांत पावसाने लाइट जाते, तेव्हा पॉवर बँक भरून ठेवावी लागेल, पण ऑक्टोबरपर्यंत हातात स्वतःचा आराखडा असतो आणि माणसं अजून गावात असतात. फेब्रुवारी-मार्चची बॅच मात्र घेऊ नका. मार्चअखेर, होळी आणि वर्षाचे अहवाल एकत्र आले की संध्याकाळचे दोन तास कोणालाच सुटत नाहीत.